व्हँकुव्हरला येताय? पहिला उन्हाळा ड्रॅगन बोटीला द्या

पुण्याहून मार्चमध्ये येताय, इथे ओळखीचं कुणी नाही, आपला रोइंगपटू दत्तू भोकनळ याच्यामुळे रोइंगची (वल्ह्यांनी बोट चालवण्याच्या खेळाची) ओढ आहे आणि कुणीतरी ड्रॅगन बोट सुचवलीय. दोन्हींतलं काय निवडावं, असं तुम्ही विचारलंत. मी इथे दोन्ही करते. माझं स्पष्ट मत: सुरुवात ड्रॅगन बोटीनं करा.

पहिलं कारण माणसं. एका बोटीत वीस जण दोन-दोनच्या जोडीनं बसतात, पुढे ढोल वाजवणारा आणि मागे सुकाणू धरणारा. सगळ्यांची तोंडं पुढे, नजर पहिल्या बाकावरच्या जोडीवर. तुमचं पॅडल क्षणभर उशिरा पडलं तरी बोट उलटत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी तुम्ही खरोखर बोट हाकत असता. आणि सरावानंतर कुणी ना कुणी गप्पा मारत थांबतंच. घर भाड्यानं घेताना काय बघायचं, दातांचा डॉक्टर कुठला बरा, हे मला ऑफिसात नाही, बोटीच्या धक्क्यावर कळलं. नव्या देशात पहिल्या वर्षी याची किंमत फार मोठी असते.

दुसरं कारण वेळ आणि प्रवास. ड्रॅगन बोटींचं मुख्य ठिकाण फॉल्स क्रीक. मेन स्ट्रीट-सायन्स वर्ल्ड हे स्कायट्रेनचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, स्टेशन तिथून चालत जाण्याजोगं आहे आणि बरेचसे सराव संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर असतात. रोइंगला संथ पाणी लागतं, म्हणून सराव बहुधा पहाटे. स्टॅनली पार्कलगतचं कोल हार्बर शहराला जवळ आहे. पण १९७३च्या कॅनडा गेम्स या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी जिथे शर्यतीचा मार्ग तयार केला, त्या बर्नबी लेकला गाडीशिवाय पहाटे पोहोचणं जिकिरीचं होतं.

रोइंग कमी आहे असं मात्र अजिबात नाही. शिकायची बोट थोडी रुंद देतात, पण शर्यतीची एकट्याची बोट सुमारे आठ मीटर लांब आणि पाण्यावर जेमतेम फूटभर रुंद असते. एक हात वर-खाली झाला की ती कलते. सीट सरकते, जोर मुख्यतः पायांचा, पाठ जायच्या दिशेला. आठवडेच्या आठवडे निव्वळ तोल आणि पातं फिरवणं शिकण्यात जातात. ज्याला एकच हालचाल घोटत बसण्यात आनंद आहे, त्याला यासारखं सुख नाही. दत्तूनं वल्हं हातात घेतलं ते लष्करात गेल्यावर, आणि २०१६ला तो रिओ ऑलिंपिकमध्ये होता. तेव्हा वर्षभर थांबल्यानं काही बिघडत नाही.

ड्रॅगन बोटीला या शहरात खास मान आहे. एक्स्पो ८६ हे १९८६चं जागतिक प्रदर्शन याच फॉल्स क्रीकच्या काठावर भरलं होतं, आणि त्या निमित्तानं हा खेळ इथे रुजला. १९९६मध्ये इथल्याच विद्यापीठातले क्रीडावैद्यक डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या बायकांचा संघ उभा केला. हातावर ताण आला तर हात सुजेल, या भीतीनं तेव्हा अशा बायकांना जड व्यायाम टाळायला सांगत. त्या बायका हंगामभर पॅडल मारत राहिल्या आणि ती भीती खोटी ठरली. आज जगभर असे संघ आहेत. जूनमधल्या इथल्या ड्रॅगन बोट महोत्सवात त्यांना बघाल तेव्हा माझं म्हणणं पटेल.

एक सावधगिरी: ड्रॅगन बोटीत पॅडल एकाच बाजूला मारतात. अधूनमधून बाजू बदलून द्या असं प्रशिक्षकाला सांगा, नाहीतर खांदा आणि कंबर एकीकडेच राबतात.

पॅडल आणि लाइफ जॅकेट सुरुवातीला क्लबच देतो, विकत घेऊ नका. निघण्याआधी पोहणं पक्कं करा, कारण पाणी उन्हाळ्याच्या तोंडावरही गार असतं. सुती टी-शर्ट बोटीत नकोच. भिजला की अंगाला चिकटून थंडी भरते. पटकन वाळणारे दोन-तीन कपडे पुण्यातूनच आणा.