वकिलाने भरपाईचे पैसे दिले नाहीत, तारखांनाही जात नाही. पुण्यातून तक्रार कुठे करायची?

तक्रार मुंबईला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करा; शिवाजीनगर कोर्टातल्या वकील संघटनेला सनदेवर (वकिलीच्या परवान्यावर) कारवाई करता येत नाही. अधिवक्ता अधिनियम १९६१च्या कलम ३५नुसार शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा वकिलांच्या यादीतून नावच कमी करू शकते. आधी पोचपावतीसह टपालाने लेखी हिशेब मागा. मागितल्यावर तो देणं वकिलाला बंधनकारक आहे, आणि खर्चासाठी दिलेली रक्कम प्रकरण चालू असताना तुमच्या लेखी संमतीशिवाय फीमध्ये वळवता येत नाही. वकीलपत्राची प्रत, बँकेचा उतारा आणि गैरहजेरी दाखवणारा रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) जोडा. नुसत्या ‘फोन उचलत नाहीत’वर प्रकरण टिकत नाही. मात्र यातून पैसे वसूल होतीलच असं नाही: त्यासाठी दिवाणी दावा किंवा अपहाराची पोलीस तक्रार वेगळी करावी लागते. ग्राहक आयोगाचा रस्ता सुप्रीम कोर्टाने २०२४मध्ये बंद केला आहे.