सामायिक मैदानावरील पिचिंग रबर

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या मैदानावर महिला व पुरुष असे दोन्ही सॉफ्टबॉल संघ सराव करतात आणि संध्याकाळी तेथेच क्रिकेट चालते. पिचिंग रबर (पिचर म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू जिच्यावर पाय ठेवतो ती जमिनीतली पट्टी) कायमचे बसवावे काय?

उत्तर : कायमचे बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. होम प्लेटच्या (फलंदाज जिच्याजवळ उभा राहतो त्या जमिनीवरील पाटीच्या) मागील टोकापासून रबराच्या पुढील कडेपर्यंतचे अंतर प्रौढ महिलांसाठी ४३ फूट आणि पुरुषांसाठी ४६ फूट असते. म्हणून दोन्ही ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्या जमिनीत पुरून, त्यांत बसणारे २४ इंच लांब व ६ इंच रुंद रबर वापरावे आणि खेळ संपताच ते काढून नळ्यांना बुचे लावावीत. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते. रबर जमिनीशी अगदी समपातळीत असावे, कारण वर आलेल्या कडेला पाय अडकून खेळाडूला इजा होते, आणि हे मी कळकळीने सांगतो.

खरी निगा रबरापुढच्या खड्ड्याची. पिचरच्या पायाने तेथील माती सतत उकरली जाते. केवळ जांभ्याचा मुरूम टाकल्यास तो टिकत नाही. सैल माती काढून, तळ ओलवून, चाळलेली चिकणमाती थराथराने भरावी व धुमसाने ठोकावी. पावसाळ्यापूर्वी रबर काढून कोरड्या जागी ठेवावे.