मार्चअखेरीस सह्याद्रीत धबधबे? आधी पाणी कुठून येतं ते बघा

डोंबिवलीहून चौघे, मार्चअखेरीस चार दिवस, पाठीवर तंबूसकट बिऱ्हाड आणि यादीत रतनवाडीचा नेकलेस, रंधा व अंब्रेला हे भंडारदऱ्याकडचे धबधबे, असा तुमचा बेत आहे. तारखा तशाच ठेवल्यात तर बहुतेक नुसता काळा कातळ बघून परत याल. धबधब्यांच्या रीलवर तारीख नसते, हाच घोळ आहे.

सह्याद्रीतले धबधबे पावसावर जगतात. वर बर्फ नाही, माथ्यावर माती पातळ, खाली बेसॉल्ट. पाणी मुरून राहायला जागाच कमी. पाऊस गेला की लहान धबधबे काही आठवड्यांत आटतात, मोठ्यांची धार दिवाळीपर्यंत बारीक होते. अंब्रेला आणि रंध्याचं गणित आणखी वेगळं. दोन्ही प्रवरा नदीवर, पहिला भंडारदऱ्याच्या विल्सन धरणालाच लागून आणि दुसरा धरणाच्या खालच्या अंगाला. धरणातून पाणी सोडलं तर मजा. उन्हाळ्यात शेतीसाठी पाण्याचं आवर्तन सुटलं तर थोडं पाणी दिसूही शकतं, पण त्या भरवशावर चार जणांच्या रजा टाकू नका. मार्चचे ते चार दिवस हवे तर तिथल्याच सांदण दरीला द्या, घळीत उतरायचा हंगाम तोच.

धबधब्यांसाठी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरा. पाण्याला जोर असतो, धुकं मधूनमधून हटतं, रतनगडावर सोनकी आणि तेरडा फुललेला असतो. पहाटेची कसारा लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून शेंडी, म्हणजेच भंडारदरा. पहिल्या दिवशी रंधा उरकून मुक्कामाला रतनवाडीत. दुसऱ्या दिवशी नेकलेस बघून रतनगड. चढायला तीनेक तास, वरच्या टप्प्यात लोखंडी शिड्या. जड सॅक असेल तर शिडीवर एका वेळी एकच माणूस. गडाच्या त्र्यंबक दरवाजाने साम्रद गावाला उतरता येतं, पण त्या पायऱ्या तुटलेल्या आहेत आणि या दिवसांत शेवाळलेल्या असतात. वाट माहीत असलेला गावातला माणूस सोबत घ्या, नाहीतर आल्या वाटेनेच उतरा. साम्रदहून परतीची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. हा सगळा भाग अभयारण्यात येतो. तंबू कुठे लावू देतात ते वनखात्याच्या नाक्यावर विचारा. खरं सांगायचं तर तेव्हा तंबूपेक्षा गावातल्या घराची पडवी बरी. पिठलं-भाकरीही मिळते, आणि तंबू-स्टोव्हचं वजन वाचतं.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत ठेवा. रेनकव्हरवर विसंबू नका: पाठीच्या बाजूने पाणी झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं. सॅकच्या आत आधी जाड प्लास्टिकची मोठी पिशवी, तिच्यात स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे, आणि पिशवीचं तोंड पीळ देऊन बांधायचं. चालायचे कपडे ओलेच राहणार, ते सकाळी पुन्हा ओलेच चढवायचे. कोरडा जोड दिवसा घातलात की रात्री कुडकुडलात म्हणून समजा.

ओढा ओलांडताना बूट काढू नका. शेवाळावर अनवाणी पाय हमखास सटकतो. कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकून मोकळं होता येईल. पात्र रुंद आहे तिथे पाणी उथळ असतं, तिथून जा. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असेल तर परत फिरा. धबधब्याच्या माथ्यावर तर ओलांडायचंच नाही. डोहात उतरला असाल आणि पाणी अचानक गढूळलं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला, तर फोटो सोडून काठावर चढा. खाली ऊन असलं तरी वर माथ्यावर पाऊस कोसळत असतो.

वसंतातच जायचं असेल तर जिथे बर्फ वितळतं तिथे जा. हिमाचलच्या पार्वती खोऱ्यात एप्रिलअखेर ते मे उत्तम: भुंतरहून बसने बरशैणी, तिथून नकथानमार्गे खीरगंगा, वाटेत रुद्रनाग धबधबा. चढ चार-पाच तासांचा, उंची साधारण २९०० मीटर. चार दिवसांत हे बसत नाही. वांद्र्याहून पश्चिम एक्स्प्रेसने अंबाला, पुढे रात्रीची बस, म्हणजे जाण्यायेण्यातच चार दिवस गेले. आठवडा काढा किंवा चंडीगडपर्यंत विमान घ्या. तिथले ओढे घड्याळावर चालतात. रात्री वितळणं मंदावतं म्हणून सकाळी पाणी कमी असतं, दुपारनंतर चढतं. तेव्हा ओढे सकाळी ओलांडा आणि धबधबा दुपारी, लांबून बघा. पाणी बर्फाचं असतं, अंघोळीचा मोह नको. खीरगंगेला गरम पाण्याचं कुंड आहेच.

आणि गॅसचे डबे मुंबईहून नेऊ नका. रेल्वेत आणि विमानात, दोन्हीकडे बंदी आहे. खीरगंगेच्या वाटेवर ढाबे आहेत, स्टोव्ह घरी ठेवलात तरी चालेल.