भावाच्या कर्जासाठी हक्कसोडीवर सही करू नका

प्रश्न : माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर शिरपूरला. वडील चार वर्षांपूर्वी गेले. सहा एकर वडिलोपार्जित बागायत आहे, केळी लावतो. सातबाऱ्यावर आई, धाकटा भाऊ आणि मी अशी तिघांची नावं आहेत. भाऊ आधी मोबाइलवर रमी खेळायचा. ती बंद झाली, तर कुणाकडून तरी सट्ट्याच्या खात्याची आयडी घेऊन क्रिकेटवर पैसे लावू लागला. मटकाही खेळतो. गावातल्या एका माणसाकडून त्याने शेकडा दहाने चार लाख घेतले. तो माणूस आता नऊ लाख मागतो. त्याच्याकडे भावाचे सही केलेले तीन कोरे चेक आणि एक स्टॅम्प पेपर आहे. शिवाय पतसंस्थेचं तीन लाखांचं कर्ज आहे, त्याला मी जामीनदार आहे. भावाला दोन एकर विकून सगळं मिटवायचंय, म्हणून मी हक्कसोड करून द्यावी असं तो म्हणतो. "आखाजीले ये, तू फक्त सही करी दे, बाकी मी देखी लिसू." सही नाही केली तर माझं काही खरं नाही, असंही बोलतो. आई म्हणते, दे करून. वहिनी काहीच बोलत नाही, त्यांचा मुलगा पाच वर्षांचा आहे. भावाला वाऱ्यावर सोडायचं नाही, पण सही करायला हात धजत नाही. काय करू?

उत्तर :

ताई, सही करू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाही नाही, आईने रडून सांगितलं तरीही नाही. तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे तोवर त्या जमिनीचा निकाल एका रात्रीत लागू शकत नाही. तुमच्या भावाला, वहिनीला आणि त्या पोराला आज यापेक्षा मोठा आधार दुसरा नाही.

आधी तुमचा हक्क. वडिलांच्या माघारी आई, भाऊ आणि तुम्ही अशा तिघांना ढोबळमानाने सारखा, म्हणजे एकतृतीयांश हिस्सा येतो. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की तुमचा हिस्सा गेला. पुढे फसवणूक किंवा दबाव झाला म्हणून ते रद्द करायचं, तर दिवाणी दावा लावावा लागतो, त्याला तीन वर्षांची मुदत असते आणि दबाव सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. भावाविरुद्ध कोर्टात उभं राहून "याने मला रडवून सही घेतली" असं सांगणं किती बहिणींना जमतं? "नुसता कागद आहे, नंतर बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आईलाही बजावा : हक्कसोड नाही, आणि भावाच्या नावाने मुखत्यारपत्र तर अजिबात नाही. मुखत्यारपत्र हातात असलं की आईचा हिस्सा तिला न विचारता विकला जाऊ शकतो.

भाऊ स्वतःचा हिस्सा विकू शकतो का? हो. आपल्याकडच्या हिंदू कायद्यात सहहिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो. पण घेणाऱ्याला अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंत असा ताबा मिळत नाही, त्याला वाटणीचा दावा लावत बसावं लागतं. म्हणूनच सामाईक सातबाऱ्यातली जमीन घ्यायला शहाणा माणूस कचरतो आणि म्हणूनच भावाला तुमची सही हवी आहे. दुसरं म्हणजे, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे भावाने हिस्सा विकायला काढला तर तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आईला आणि तुम्हाला आहे. शेतजमिनीलाही हे कलम लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या निकालात स्पष्ट केलं आहे.

इथे एक गोष्ट माझ्या व्यवसायातल्या अनेकांच्या सल्ल्याच्या उलट सांगतो. असं प्रकरण आलं की "ताबडतोब वाटणी करून घ्या, तुमचं तुम्ही मोकळे व्हा" असं सुचवलं जातं. तुम्हाला फक्त स्वतःचा हिस्सा वाचवायचा असता तर मीही तेच म्हणालो असतो. पण वाटणी झाली की भावाच्या दोन एकरांचा वेगळा सातबारा होईल, आणि तो त्याच आठवड्यात बाजारात येईल. तुम्हाला भाऊ वाचवायचा आहे. तेव्हा सध्या वाटणी नको.

आता पुतण्या. जमीन वडिलोपार्जित असल्याने भावाच्या हिश्श्यात त्या पाच वर्षांच्या पोराचा जन्मतः हक्क आहे. कुटुंबाची खरी गरज असेल तर बापाला जमीन विकता येते, जुगाराची देणी ही गरज होत नाही. हे आजचं नाही. द्यूतासाठी, दारूसाठी बापाने केलेलं कर्ज मुलाने फेडू नये, असं याज्ञवल्क्य स्मृतीतच सांगितलं आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर नव्या कर्जासाठी "बापाचं देणं मुलाचा धर्म" हा आधारच कायद्याने काढून टाकला. भावाने खरोखर विक्रीची तयारी केली तर वहिनी मुलाच्या वतीने चोपडा कोर्टात दावा लावून मनाई हुकूम मागू शकतात. दावा लागला की त्याची नोंद दुय्यम निबंधक कार्यालयातही करून घ्यावी. नुसता तलाठ्याकडे हरकतीचा अर्ज देऊन खरेदीखत थांबत नाही. हरकत फेरफाराच्या वेळी ऐकली जाते, तोवर खरेदी होऊन गेलेली असते.

वहिनी गप्प आहेत, त्याचं कारण बहुतेक कपाटात असेल. हळूच विचारा, दागिने आहेत का? स्त्रीधन गहाण पडलं असेल, घरखर्च बंद झाला असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात त्याला आर्थिक छळ म्हटलं आहे. त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही, घर सोडावं लागत नाही. दागिने आणि मालमत्ता विकू नये, खर्चाला पैसे द्यावेत, असे हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. ही वाट आहे एवढं त्यांना माहीत असू द्या. ती वापरायची की नाही, हे त्यांनी ठरवावं.

सावकाराचं बघू. त्याच्याकडे परवाना आहे का, हे चोपड्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात विचारा. बहुधा नसेल. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असलेल्यालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेकडा दहा म्हणजे वर्षाचे १२० टक्के झाले. शिवाय परवाना नसलेल्या सावकाराचा वसुलीचा दावा कोर्टाने फेटाळावा, असं याच कायद्यात आहे. जळगावच्या जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार द्या. कधी, किती, कुणासमोर घेतले, किती परत दिले, फोन पेवरच्या नोंदी, धमकीचे मेसेज, सगळं जोडा.

पण एक अडचण आहे. तो म्हणेल, "मी सावकार नाही, ओळखीत हातउसने दिले." एकदाच दिलेल्या हातउसन्याला सावकारी म्हणत नाहीत. तेव्हा गावात आणखी कुणाकुणाला त्याने व्याजाने पैसे दिलेत, कुणाचे चेक, कुणाचे स्टॅम्प त्याच्याकडे आहेत, हे शोधा. दोघं-तिघं सोबत आले तर तक्रारीला जोर येतो. स्टॅम्प पेपरवर सौदापावती लिहून घेतली असेल तरी घाबरू नका. भाऊ फार तर स्वतःच्या हिश्श्यापुरता बांधला जातो, तुम्ही आणि आई नाही. आणि तो सौदा मुळात सावकारीतूनच झालाय का, याची चौकशी करायचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे.

चेकच्या बाबतीत मात्र गाफील राहू नका. "कोरे होते" एवढं म्हणून सुटका होत नाही. सही आपली असेल तर चेक देण्यापोटीच दिला, असं कोर्ट गृहीत धरतं आणि ते खोडून काढणं आपल्यावर असतं. चेक परतल्यावर सावकाराने तीस दिवसांत भावाला नोटीस पाठवायची असते आणि ती भावाला मिळाल्यापासून पैसे भरायला पंधरा दिवस असतात. या पंधरा दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. पोस्टमनला परत पाठवणं, पाकीट न घेणं, हे सगळ्यात वाईट. उत्तरात मूळ रक्कम, व्याजाचा दर, परत दिलेले पैसे आणि परवाना नसल्याचं, सगळं यावं. जुगारासाठीच पैसे लागताहेत हे त्याला माहीत होतं, असा पुरावा असेल तर तेही लिहा. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० ने पैजेचा करार निरर्थक ठरतोच, आणि आपल्या भागाला, म्हणजे जुन्या मुंबई इलाख्याला, १८६५ चा एक जास्तीचा कायदा लागू होतो. पैजेला मदत म्हणून जाणूनबुजून केलेला व्यवहारही त्याने निरर्थक ठरतो. हे बचाव खरे आहेत, पण ते कोर्टात उभे करून सिद्ध करावे लागतात.

पतसंस्थेचं कर्ज वेगळं आहे. तिथे तुम्ही स्वतः सही केली आहे आणि जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मागेल. त्याची नोटीस येईल, तारीख पडेल. त्या तारखेला हजर राहा. आपल्याकडे माणसं ती नोटीस देव्हाऱ्यामागे ठेवून देतात आणि मग दाखला निघतो. त्यानंतर फेरतपासणीला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. त्यापेक्षा आजच संस्थेत जाऊन हप्ते बांधून मागा, एकरकमी परतफेडीची योजना आहे का विचारा. पैसे स्वतः काउंटरवर भरा आणि पावती घ्या. भावाच्या हातात "हप्ता भरून ये" म्हणून एक रुपयाही देऊ नका. तुम्ही भरलेले पैसे भावाकडून मागायचा हक्क तुम्हाला राहतोच, पावत्या जपून ठेवा.

आता भावाविषयी. तुमच्या पत्रात सगळ्यात आधी मला खटकलं ते "माझं काही खरं नाही" हे वाक्य. ते दबाव टाकायला म्हटलेलं असू शकतं, खरंही असू शकतं. ते खरं धरून चाला. घरात, मळ्यात फवारणीची औषधं असतील तर ती आजच शेजाऱ्याकडे हलवा. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. भीती वाटली तर सरळ दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असं पाऊल उचललेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. धुळ्याच्या आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शिरपूरहून धुळे तुम्हाला जवळ. पण त्याला बळजबरीने कुठे कोंडता येत नाही, आणि "हा उधळ्या आहे, याचे व्यवहाराचे अधिकार काढून घ्या" असा अर्ज घ्यायची सोय आपल्या कायद्यात नाही. जे होईल ते त्याच्या संमतीने. ती संमती मिळवायला तुमच्या हातात एक गोष्ट आहे : तुमचा पैसा. त्याला सांगा, तुझं देणं मी फेडणार नाही, पण दवाखाना, वकील आणि पोराची शाळा यांचा खर्च माझा. केळीच्या व्यापाऱ्याला सांगून पट्टीचे पैसे आईच्या खात्यावर घ्या. एटीएम कार्ड वहिनीकडे राहू द्या, मोबाइलवरून पैसे जाण्याची मर्यादा बँकेत जाऊन कमी करून घ्या. हे तो आज कबूल होईल, महिन्याने मोडेल. मोडला तर पुन्हा बसायचं. घसरणं हा या आजाराचा भागच आहे, त्यासाठी त्याला घरातून तोडू नका.

"याला पोलिसांत द्यावं का, म्हणजे धाक बसेल?" असं तुम्ही विचारलेलं नाही, पण घरात कुणी तरी म्हणणारच. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर संसदेने २०२५ मध्ये जो कायदा केला, त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, जाहिरात करणाऱ्याला आणि पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. आयडी विकणाऱ्या एजंटाविरुद्ध तक्रार जरूर करा. मटक्याच्या आणि पत्त्याच्या अड्ड्याचं तसं नाही. तिथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि छापा पडला की खेळणाराही सापडतो. आखाजीच्या दिवसांत गावोगावी पत्त्यांचे डाव बसतात, सण म्हणून कुणी त्याला नावं ठेवत नाही, आणि तुमचा भाऊ तिथे हमखास बसणार. यंदा तुम्ही माहेरी जाण्याऐवजी आईला, वहिनीला, पोराला आणि त्यालाही शिरपूरला बोलवा. सहीचा विषयही आपोआप टळेल.

वर्तमानपत्रात "याच्याशी आमचा संबंध नाही" अशी नोटीस देऊ नका. तिने त्याचा हिस्सा जात नाही, देणी थांबत नाहीत, फक्त चारचौघांत त्याची मान खाली जाते. द्यायचीच तर वकिलामार्फत एवढीच जाहीर नोटीस द्या की अमुक गटाची जमीन सामाईक आहे, आई आणि बहिणीच्या संमतीशिवाय कुणी व्यवहार करू नये. पुढे घेणारा "मला माहीत नव्हतं" म्हणू शकणार नाही.

वकिलाची फी परवडणार नाही असं वाटत असेल तर चोपडा न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, तुम्हालाही आणि वहिनींनाही. १५१०० वर फोन केला तरी चालेल. जाताना सातबारा, वारस नोंदीचा फेरफार, वडिलांचा मृत्यू दाखला, पतसंस्थेची कागदपत्रं आणि भावाच्या खात्याचा गेल्या दोन वर्षांचा उतारा घ्या. तो उतारा भावाकडूनच मागा, त्याच्या शेजारी बसून.