आजोबांच्या जुन्या 28 इंची सायकलला पहिल्यांदाच मोटर बसवतोय, पेट्रोल किट घेऊ का चाकाच्या मध्यात बसणारी विजेची हब मोटर? आणि खर्च किती येईल?

भावा, किट आणि खर्च नंतर. आधी सायकल उलटी कर आणि मागच्या चाकाचे स्पोक मोज. आजोबांची सायकल आहे लिहिलंयस म्हणून सांगतोय, आमचीपण आजोबांचीच होती.

रॅले, हेडवर बगळ्याचा बिल्ला असलेली. वडणग्याहून दोन्ही बाजूला दुधाचे कॅन अडकवून आजोबा रोज पंचगंगेच्या पुलावरनं कोल्हापुरात यायचे. ते गेल्यावर सायकल गोठ्यात पडून होती, ती मी आणि दादानं बाहेर काढली. दादा उद्यमनगरात टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, त्यामुळं लोखंडातलं काहीही असलं की त्याचाच शब्द शेवटचा, हे घरात ठरलेलं. पेट्रोलचं चायना किट मागवलं, त्यावर 80 सीसी लिहिलेलं (बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी 47 मिलीमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल 38, हिशोब कर, 66 च येतात).

आता नीट ऐक. त्या किटचं मागचं स्प्रॉकेट (चेन अडकते ते दातेरी चाक) डाव्या अंगाला थेट स्पोकवर बसतंय, आतनं-बाहेरनं रबराच्या चकत्या आणि नऊ बोल्ट. नऊच का, तर ते 36 स्पोकच्या चाकासाठी केलेलंय, दर चार स्पोकला एक बोल्ट. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना पुढं 32 आणि मागं 40 स्पोक, कारण सगळं ओझं मागं. 40 ला नऊनं भाग जात नाही. मी हे दादाला त्याच दिवशी बोललो होतो. तो म्हणला, "आरं रबर हाय त्ये, दाब की, बसतंय." आणि दाबून बसवलं.

मी चाक फिरवून स्प्रॉकेटच्या दातांजवळ खडू धरला, तर एकाच बाजूच्या दातांना खडू लागायचा, दुसऱ्या बाजूला चार मिलीमीटर फट. आऊट होता, म्हणजे स्प्रॉकेट वेडंवाकडं फिरत होतं, आणि हा आऊट स्पोक आवळून निघत नाही कारण चाक सरळच होतं, स्प्रॉकेटच मध्यावर नव्हतं.

महिनाभर चांगली पळाली. जानेवारीत पन्हाळ्याला गेलो, येताना वाघबिळाच्या उताराला चेन उडाली, टेन्शनरचा (चेन ताणून धरणाऱ्या कप्पीचा) क्लॅम्प चेनस्टेवर, म्हणजे मागच्या चाकाकडं जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीवर, फिरला आणि त्याची पट्टी सरळ स्पोकात शिरली. मागचं चाक जागेवर जाम. मी डाव्या हातावर पडलो, मागनं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर येत होता, त्या ड्रायव्हरनं कसा थांबवला त्यालाच माहीत, पुढचं चाक माझ्या पायापासून हातभर अंतरावर होतं आणि त्याच्या नटांना लागलेला चिखल मला आजही दिसतोय. मनगट मोडलं, सहा स्पोक तुटले. दादा आला, चेन बघितली आणि पहिलं वाक्य, "चेन ढिली ठिवलीस तू."

आठ वर्षं झाली, घरात पाहुणे आले की हेच ऐकतोय. म्हणून इथं लिहून ठेवतो. स्प्रॉकेट मध्यावर नसेल तर चेनचा ताण बरोबर ठेवताच येत नाही. घट्ट जागी जुळवलीस तर अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली पडणार, ढिल्या जागी जुळवलीस तर घट्ट जागी तुटायला येणार. यात चेन लावणाऱ्याचा दोष नाही, बोल्टच चुकीच्या चाकाला होते.

पेट्रोलच करणार असशील तर स्पोकवर स्प्रॉकेट लावूच नको. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) गोलाईच्या मापाचा ॲल्युमिनियमचा दोन तुकड्यांचा अडॅप्टर लेथवर करून घे, म्हणजे स्प्रॉकेट हबला धरतंय, स्पोक 36 असोत नाहीतर 40. माप व्हर्नियरनं, अंदाजपंचे नाही. टेन्शनरच्या पट्टीचं दुसरं टोक एक्सलच्या नटाखाली दाब, म्हणजे तो फिरायचा प्रश्नच नाही. आणि काही झालं तरी फ्रेमला भोक पाडू नको, कोणी कितीही मोठा मिस्त्री सांगू दे. रॉड ब्रेकवर तर इंजिन अजिबात नको, स्टीलची रिम ओली झाली की रबर नुसतं घसरतंय, पुढं ड्रम ब्रेकचं हब घाल. खर्चाचं म्हणशील तर किटपेक्षा जास्त पैसे चाकं आणि ब्रेकला ठेव.

हब मोटरचं राहिलंच. ऑनलाईन 28 इंच म्हणून जी रिमसकट मोटर मिळते ती बहुतेक 622 ची असते (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिलीमीटरमध्ये) आणि तुझी दीड इंची टायरची जुनी रिम 635 ची, म्हणजे तुझा टायर तिच्यावर बसणार नाही आणि रॉड ब्रेकपण रिमला जुळणार नाही. नुसती मोटर घेऊन आपल्या रिमवर स्पोकनं विणून घे, पण आधी मोटर आणि रिमची स्पोकची भोकं जुळतात का बघ.

आणि हो, हे आधीच सांगायला पाहिजे होतं, 25 सीसीच्या वरचं इंजिन लावलं की कायद्यानं ते मोटार वाहन, नोंदणी-लायसन्स सगळं आलं, घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी कोण करून देणार? रस्त्यावर चालवायची असेल तर 250 वॉटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न पळणारी बॅटरीवालीच बघ. मी तेव्हा हे बघितलं नव्हतं.

ते चाक तुटलेल्या स्पोकसकट अजून माळ्यावर आहे, स्प्रॉकेटपण त्यावर तसंच. कोल्हापूरला आलास तर खडू घेऊन बस, स्वतः फिरवून बघ. रविवारी ये, दादापण घरात असतो.