तिकीट काढण्याआधी तारीख ठरवा

वाचकांचे प्रश्न : परदेशातून कायमचं परतताना

प्रश्न : चौदा वर्षं न्यू जर्सीत आहोत. दोघांकडे भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड. पुढच्या वर्षी पुण्याला कायमचं यायचं आहे. एरवी वर्षाकाठी तीनेक आठवडे भारतात येणं होतं. एनआरई खात्यात (परदेशातल्या कमाईचं भारतातलं खातं) मुदतठेवी आहेत, अमेरिकेत शेअर्स आणि ४०१(के) (नोकरीतलं निवृत्तिखातं). मुलांच्या शाळेसाठी मेअखेर निघा, असं घरचे म्हणतात. कराच्या दृष्टीने तारखेने काही फरक पडतो का?

उत्तर : पडतो, आणि करसवलतीत चांगला आठ महिन्यांचा पडतो.

प्राप्तिकर खातं दिवस मोजतं. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात की निवासी. (६० दिवसांचाही एक नियम आहे, पण तो आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात काढलेल्यांना लागतो, तुमचे तेवढे भरत नाहीत.) बराच काळ बाहेर राहून आलेल्याला मात्र लगेच पूर्ण निवासी धरत नाहीत. आधीच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला माणूस मधल्या वर्गात मोडतो. सीए मंडळी त्याला ‘आरएनओआर’ म्हणतात. या काळात परदेशातलं व्याज, लाभांश, शेअरविक्रीचा नफा यांवर भारतात कर नाही. भारतातला पगार आणि घरभाडं यांना ही सवलत नाही.

आता मोजा. १ जूनला उतरलात तर त्या वर्षात ३०४ दिवस भरतात. ते वर्ष आणि पुढचं वर्ष आरएनओआर, म्हणजे सवलतीचे २२ महिने. २ ऑक्टोबरला उतरलात तर त्या वर्षी १८१ दिवस, म्हणून अनिवासीच. त्यापुढची दोन वर्षं आरएनओआर. एकूण ३० महिने. १ ऑक्टोबरला उतरलात तर मात्र १८२ भरतात आणि त्याच वर्षापासून निवासी धरतात. लीप वर्षात फेब्रुवारीमुळे आणखी एक दिवस सरकवा. इथेच बरेच जण फसतात: उन्हाळ्यात फ्लॅट बघायला आठ दिवस येऊन गेलेले असतात आणि ते दिवस धरायचे राहतात. उतरल्याचा दिवसही धरायचा असतो.

शाळेची अडचण खरी आहे, पण निवासी दर्जा माणसागणिक ठरतो, कुटुंबाचा नव्हे. एकाने मुलांना घेऊन मेअखेर यावं आणि ज्याच्या नावावर गुंतवणूक जास्त त्याने ऑक्टोबरमध्ये. चार महिने ओढाताण होते. परदेशातली गुंतवणूक किरकोळ असेल तर या भानगडीत पडू नका, सगळे एकत्रच या.

दुसरा कायदा फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा. तो दिवस मोजत बसत नाही. कायम राहण्याच्या इराद्याने उतरलात की त्याच्या लेखी तुम्ही निवासी. म्हणजे एकच माणूस प्राप्तिकरासाठी अनिवासी आणि बँकेसाठी निवासी असू शकतो. बँकेला लगेच कळवून एनआरई आणि एनआरओ (भारतातल्या उत्पन्नाची) खाती निवासी करून घ्या. एनआरई ठेवीच्या व्याजाची करमाफी तिथेच थांबते. एफसीएनआर (परकीय चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत ठरल्या दराने चालू राहते. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडा. आरएनओआर असेपर्यंत त्याच्या व्याजावर कर नाही. अमेरिकेतली खाती आणि शेअर्स ठेवायला फेमाची पूर्ण मुभा आहे.

सवलतीच्या महिन्यांत करायचं मुख्य काम म्हणजे बराच नफा साठलेले शेअर्स विकून पुन्हा घेणं. भारतातल्या करासाठी खरेदीची किंमत नवी लागते. ग्रीन कार्ड आहे तोवर अमेरिकेचा कर मात्र चुकत नाही, तेव्हा आधी तो आकडा काढा. ४०१(के)ला हात लावू नका. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढलेत तर सहसा करावर १० टक्के दंड बसतो. पूर्ण निवासी झाल्यावर त्यावरचा भारतीय कर पैसे काढतानाच लागावा, असा पर्याय कायद्यात आहे. तो ठरलेला फॉर्म भरून मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. पूर्ण निवासी झालात की परदेशातली खाती, शेअर्स, निवृत्तिखातं हे सगळं विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये दाखवायचं. उत्पन्न शून्य असलं तरी. राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत जाणारा दंड आहे.

ग्रीन कार्ड परत करायचं असेल तर वर्षं मोजा. शेवटच्या १५ पैकी ८ करवर्षांत ते असेल तर ‘एक्झिट टॅक्स’चे (अमेरिकेचा दर्जा सोडताना लागणाऱ्या कराचे) नियम लागू होतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मिळालेलं कार्डही ते अख्खं वर्ष धरायला लावतं. सोशल सिक्युरिटीची (अमेरिकेच्या सरकारी पेन्शनची) ४० क्रेडिट्स पुरी झाली आहेत का, तेही बघा. वर्षाला जास्तीत जास्त चार मिळतात. दोन-चार कमी पडत असतील तर काही महिने थांबणं परवडतं, कारण दोन्ही देशांतली वर्षं जोडून धरण्याचा करार भारत-अमेरिकेत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत. दोघांचा जन्म अमेरिकेतला, ओसीआय कार्डं (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतात ती) आहेत. पुण्यात प्रवेशासाठी काय तयारी करावी?

उत्तर : मुलाला नववीत बसवायचं असेल तर याच वर्षी या. सीबीएसईचा नववी-दहावी हा जोड अभ्यासक्रम आहे, दहावीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि अमेरिकेतली आठवी जूनमध्ये संपते, म्हणून मधल्या दोन महिन्यांचं गणित आणि विज्ञान तिथेच करून घ्या. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. थेट नववीत येणाऱ्या मुलाचं मराठी कोणत्या पातळीचं आणि मूल्यमापन गुणांनी की श्रेणीने, हे शाळेकडून लेखी घ्या.

इथली शाळा ‘शाळा सोडल्याचा दाखला’ मागते, आणि तसा कागद अमेरिकेत नसतो. मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र घ्या: पूर्ण नाव, जन्मतारीख, शेवटची इयत्ता, पुढच्या वर्गात गेल्याचा उल्लेख, सोडल्याची तारीख. जन्मदाखल्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन) हवं; ते जन्म झाला त्या राज्याकडूनच मिळतं, आता राहता त्या नव्हे.

प्रवेशअर्जात नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. इकडे लिपिक सवयीने मधे वडिलांचं नाव घालतात. पासपोर्टवर ते नसेल तर दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि ओसीआयवर तीन वेगळी नावं होऊन बसतात.

मुलांचा कल डॉक्टरकीकडे असेल तर ओसीआय कार्डाची तारीख बघा. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या प्रवेशांत ओसीआयधारकांना फक्त एनआरआय आणि जादा जागा मिळतात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना जुना हक्क राखून दिला. दोघा भावंडांची कार्डं वेगवेगळ्या वर्षी काढली असतील तर दोघांना नियमही वेगळे लागू शकतात.

प्रश्न : नवऱ्याला मधुमेह आहे. परत आल्यावर तो स्वतःचा व्यवसाय करणार, म्हणजे कंपनीचा विमा नाही. आरोग्यविमा आल्यावर काढावा का?

उत्तर : आताच काढा. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो आणि तो पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही राहता कुठे यावरून नव्हे. पुढच्या भारतभेटीत वैद्यकीय तपासणी उरकून टाका. मधुमेह लपवू नका. नाकारले जाणारे दावे बरेचदा याच कारणाचे असतात.

प्रश्न : स्टँड मिक्सर आणि वॉशिंग मशीन आणावं का?

उत्तर : नको. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. इकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे अनेक यंत्रांची मोटर मंद फिरते आणि तापते. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर लॅपटॉप, फोन खुशाल आणा, फक्त पिन बदला. मिक्सर तिथेच विकून टाका.