मिस्त्रीच्या नावावर मिळणारी टाइल्सची सूट खरी असते का?

तुमचा प्रश्न असा: नाशकात घर बांधताय, साधारण १२०० चौरस फूट फरशी लागणार आहे. मिस्त्री म्हणतोय, माझ्या ओळखीच्या दुकानातून घ्या, माझ्या नावावर ३० टक्के सूट मिळते. ती खरी असते का, आणि चार दुकानांतले भाव ताडून कसे पाहायचे?

सूट खरी असते. पण ती कशावर, ते आधी विचारा. बॉक्सवरच्या छापील किमतीला टाइल्स सहसा कुणी विकतही नाही आणि घेतही नाही. त्यामुळे त्या किमतीवरचे ३० टक्के म्हणजे पुष्कळदा दारातून आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला मिळणारा भावच असतो. टक्के ऐकायचेच नाहीत. दुकानात शिरल्यावर एकच विचारायचं, ‘या कोडचा नेट रेट काय?’ म्हणजे या डिझाइनचा, सगळी सूट वजा करून शेवटचा भाव काय.

हे मी पोळून शिकलोय. मखमलाबादला आमचं घर झालं तेव्हा मिस्त्रीला घेऊन दुकानात गेलो. दोन बाय दोनची फरशी सूट धरून ५८ रुपये फूट सांगितली. मी खूश होतो. पैसे भरायच्या आधी मेहुणे त्याच दुकानात एकटेच गेले, कुणाचं नाव न घेता तोच कोड दाखवून नेट रेट विचारला. ५२ रुपये. १२०० फुटांवर ७२०० रुपयांचा फरक, आणि तो माझ्याच खिशातून मिस्त्रीच्या कमिशनला जाणार होता.

राग आला, पण मी भांडलो नाही आणि ते बरं झालं. संध्याकाळी साइटवर चहा घेताना मिस्त्रीला सरळ विचारलं. त्यानेही लपवलं नाही. म्हणाला, ‘भाऊ, दुकानदार देतो म्हणून घेतो. मजुरीचा रेट तुम्ही लोक घासून घासून खाली आणता, पावसाळ्यात हाताला काम नसतं, मग भागवायचं कशात?’ मला ते पटलं. आम्ही ठरवलं की माल मी हवा तिथून नेट रेटने घेईन, त्याला मजुरीवर फुटामागे ३ रुपये जास्त देईन, आणि तो माल पारखायला माझ्याबरोबर येईल. त्याचे ३६०० वाढले, माझे तेवढेच वाचले. शिवाय आता तो माझ्या बाजूने बघत होता. दुसऱ्या दुकानात त्याने एकाच डिझाइनच्या दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून ठेवल्या आणि कोपरा दाबला. वरची डुलली. म्हणजे टाइलला बाक आहे, बसवल्यावर सांध्यात पायाला धार लागणार. तो माल आम्ही सोडला. पारखणारा असा माणूस कमिशनपायी दुकानदाराच्या बाजूला जाऊ देऊ नका.

आता भाव ताडायचं. आधी जात एक असू द्या. साधी सिरॅमिक, ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड आणि डबल चार्ज यांचे भाव एकमेकांशी लावून काहीच कळत नाही. ग्लेझ्डमध्ये डिझाइन वरच्या पातळ थरात असतं, डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे वावराच्या जागी ती जास्त टिकते. जाडीही विचारा. बॉक्सवर दर्जा प्रीमियम लिहिलाय की स्टँडर्ड, तेही वाचा, कारण स्वस्त भावामागे कधी कधी एवढंच असतं.

मग बॉक्सचा हिशेब. इथे बरेच जण फसतात. दोन बाय दोन म्हणतात खरं, पण टाइल असते ६०० बाय ६०० मिलिमीटरची, म्हणजे दोन फुटांना जराशी कमी. चार टाइल्सचा बॉक्स १६ फूट भरत नाही, साडेपंधरा भरतो. दुकानदाराने ५० रुपये फूट सांगून बॉक्सचे ८०० लावले, तर खरा भाव ५१ रुपये ६० पैसे झाला. १२०० फुटांना १६ च्या हिशेबाने ७५ बॉक्स निघतात, लागतात मात्र ७८. तेही तूटफूट आणि कटिंग न धरता. कटिंगसाठी पाच ते दहा टक्के वेगळे धरा, स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, त्याच टाइलमधून कापणार असाल तर तेही मोजा.

जीएसटी १८ टक्के. एकाने ‘४४ रुपये’ आणि दुसऱ्याने ‘५२, सगळं धरून’ सांगितलं तर पहिला स्वस्त वाटतो. त्याचे ४४ करासकट ५१ रुपये ९२ पैसे होतात, वर टेम्पोभाडं आणि हमाली तुमच्याच माथी. वरच्या मजल्यावर चढवायची हमाली वेगळी मागतात, ती आधीच ठरवा. कच्च्या बिलावर कर वाचतो खरा, पण माल तुटका किंवा वेगळ्या शेडचा निघाला तर दाखवायला कागद उरत नाही. मी पक्कंच बिल घेतलं.

टाइल्सचे कारखाने आहेत त्या गुजरातेतल्या मोरबीहून थेट माल आणायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ७८ बॉक्स म्हणजे बॉक्सला २८ किलो धरले तरी जेमतेम सव्वादोन टन. एवढ्यावर ट्रक भरत नाही, आणि वाटेत फुटलेल्याला जबाबदार कोण यावर वाद होतो. शेजारच्या चार प्लॉटची कामं एकदम निघाली असतील, तरच त्या वाटेला जा.

उरलेले सीलबंद बॉक्स परत घेणार का, किती दिवसांत, हे बिलावरच लिहून घ्या. तोंडी ‘घेऊ की’ चालत नाही. दोन बॉक्स मात्र परत न करता माळ्यावर ठेवा. तीन वर्षांनी बाथरूमच्या पाइपसाठी फरशी फोडावी लागली, तेव्हा आमचं डिझाइन बाजारात उरलं नव्हतं.

टेम्पो आला की पावतीवर सही करायच्या आधी प्रत्येक बॉक्सवरचा बॅच नंबर आणि शेड नंबर बघा. आमच्या मालात सहा बॉक्स वेगळ्या बॅचचे निघाले होते. ते उतरवून न घेता तसेच परत पाठवले, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या दिवशी बदलून दिले.